सरांच्या खुर्चीत

तैचुंग शहरातला बुटांचा कारखाना बंद पडल्यावर तिथली कामगार सूयुन त्सेंग सरांच्या संगणकवर्गात डेटाबेस सांभाळायचं शिकायला आली. वर्गात तिच्या लेकीच्या वयाची पोरं; सगळी तिला मावशी म्हणत. त्या दुपारी तिच्या एका चुकीच्या कमांडनं सगळ्यांचं एकत्र साठवलेलं महिनाभराचं सरावाचं काम पुसलं गेलं. सूयुननं पिशवी उचलली. "माझ्यामुळे झालं, सर. मी उद्यापासून येत नाही." म्हातारे त्सेंग सर आपल्या खुर्चीतून उठले. "इथे बस. पुढच्या आठवड्यात शिकवण्यासाठी मीच हे पुसणार होतो. बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून, सगळं परत कसं आणायचं ते मी सांगतो." ती सरांच्या खुर्चीत बसली. सर सांगतील तसं ती टाइप करत गेली. थोड्या वेळानं मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, माझं आलं!" मग दुसरा, मग तिसरी. "तुझं आलं का?" सरांनी हळूच विचारलं. सूयुननं डोळे पुसले. "आधी पोरांचं येऊ द्या."