फलकाची किल्ली

राज्यशास्त्र विभागाच्या फलकाची काच मावशी रोज पुसायच्या, म्हणून त्याची एकुलती एक किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. आज तिथे ‘कर्मचाऱ्यांचे यश’ झळकत होतं: कुणाचा शोधनिबंध, कुणाचा पुरस्कार. मावशींनी मधोमध आपलाही कागद टाचला आणि काचेला कुलूप घातलं. विभागप्रमुख तणतणत आले. “हे काय खूळ, मावशी?” “बारा वर्षं इथे झाडतेय, साहेब. मीही कर्मचारीच की!” साहेबांनी काचेला नाक लावून वाचलं. मावशी वॉर्डातून निवडून आल्याचा दाखला! निवडणुकांवर साहेबांची तीन पुस्तकं होती. स्वतः उभे राहिले तेव्हा मात्र डिपॉझिट गेलेलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब गरजले, “नोकरी टिकवायचीय ना? किल्ली आणा इकडे!” नवा झाडू मागा, रजा मागा, साहेबांचं उत्तर एकच असायचं. आज मावशींनी तेच परत केलं, “अर्ज द्या, बघू.”