वाचून दाखविले

अंगद वकिलाने शाईची डबी उघडून पुढे सरकवली, तशी झुंबरबाईने तूर पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“आधी वाचून दाखव,” ती म्हणाली.

अंगद चपापला. जालन्याहून तीर्थपुरीच्या या अंगणात तो आला होता ते फक्त एका अंगठ्यासाठी. सोमवारी वकिलांच्या शिस्तपालन समितीपुढे त्याचा निकाल होता. खोटा दस्त करून पक्षकार बाईची जमीन लाटली म्हणून दोन वर्षं तुरुंगात काढून झाली होती; आता वकिलीची सनद कायमची जाते की राहते, एवढंच ठरायचं होतं. ती पक्षकार बाई म्हणजे ही झुंबरबाईच. तिनेच त्याच्या बाजूने लिहून दिलं, तर समिती नरमेल अशी त्याला आशा होती.

बाईचा राग केव्हाच निवळला होता. जमीन परत मिळाली होती, सुपातली तूर तिथलीच होती आणि यंदा ती झकास आली होती. पूर्वी ती त्याला वकीलसाहेब म्हणायची आणि तो तिला ‘ए बाई’. आता ती अंगद म्हणत होती नि तो मावशी. हा बदल तिला भलताच आवडला होता.

अंगदने चष्मा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी वकील तिला कागद वाचून दाखवत होता. ती भिंतीला टेकून, पाय पसरून ऐकायला बसली.

“...माझी आता कोणतीही तक्रार उरलेली नाही. सदर प्रकार अनवधानाने घडला...”

“अनवधान म्हंजे?”

“म्हणजे... चुकून.”

“चुकून? तीन एकर?”

चुलीपाशी सून दैवशाला फसकन हसली. अंगदही ओशाळून हसला आणि पेन काढून त्याने तो शब्द खोडून टाकला. माणूस सुधारतो म्हणायचं, असं बाईच्या मनात आलं. तिचा डावा हात पदराबाहेर आला.

“वाच पुढं. बराबर वाचून राह्यलास.”

“त्यांची सनद कायम ठेवावी आणि त्यांना पूर्वीप्रमाणे वकिली करू द्यावी, अशी माझी विनंती आहे. वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे, म्हणून अंगठा केला आहे.”

डबीकडे निघालेला हात मध्येच थांबला.

“वाचून दाखविला, हे कवा लिवलं?”

“काल. जालन्यात टाईप करून घेतलं.”

“काल तर तू आल्ता न्हाईस.”

“तशी पद्धतच असते, मावशी. ती ओळ आधीच लिहून ठेवतात.”

“माह्या जमिनीच्या त्या कागदावर बी व्हती ही ओळ?”

अंगदने चष्मा काढला. “होती,” तो म्हणाला.

“मंग पुन्यांदा तेच करून राह्यलास की, बाबा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट, खरं बोलला म्हणून तिला बरंच वाटलं होतं. तिने आत हाक दिली, “दैवशाला, दोन भाकरी जास्तीच्या थाप. अंगद जेवून जाईल.” मग ती त्याच्याकडे वळली. “मी तुला माफ केलं. पोटातून सांगते. सोमवारी तुह्यासंगं येऊन त्या लोकांम्होरं बी तोंडानं सांगते.”

अंगदचा चेहरा उजळला. त्याने डबी पुन्हा तिच्यापुढे केली. “मग अंगठा?”

झुंबरबाईने हलक्या हाताने डबीचं झाकण लावलं.

“माहं जे व्हतं, ते मी माफ केलं, लेकरा. पण उद्या तुह्याम्होरं दुसरी कुणी बाई येऊन बसंल. तिच्या वाटंचा आंगठा मी कसा देऊ?”