आतलं थोपटणं

सिंधीपुऱ्यातल्या डॉक्टरांनी आशाबाईला तिच्या नवऱ्याच्या एक्स-रेमधला ठिपका दाखवला. "टीबीचे जंतू आहेत, आशाबाई. पण शरीरातल्या पेशींनी त्यांना चारी बाजूंनी घेरून झोपवलंय. गोळ्या नेमानं द्या, जागे होता कामा नयेत."

केळीचे घड वाहून नवरा, लोटूभाऊ, घरी आला की आशाबाई त्याच्या पाठीला तेल लावायची. त्या दुपारी तिनं पाठीला कान लावला. बाळाला थोपटावं तसं आत कुणीतरी थोपटत होतं.

"काय ऐकून राहिली?"

"काही नाही."

मग ती रोजच ऐकू लागली. त्याच्या पाठीवर कुणी थाप मारली तर चिडायची.

आज थोपटणं थांबलं होतं.

तिनं तेलकट तळव्यानं, त्याच लयीत, हळूहळू थोपटायला घेतलं. लोटूभाऊ ताठ बसला होता. तळव्याखाली मात्र कुणीतरी झोपेतच कूस बदलली.