पायाचा घाम

"मामा, बाईने भाटीत पाय ठेवला की रस नासतो, हे खरं?"

वर्गातल्या विमलाने आणि इतर पोरींनी पैज लावली होती, विचारून दाखव! विनोदिनीने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं.

बाबुरावमामा काजूची दारू गाळायच्या भाटीच्या हंड्याचा सांधा चिकणमातीने लिंपत होता. मान वर न करता म्हणाला, "आवशीक विचार तुझ्या. सोळा वर्सां झाली. एकदाच भितर इली नि तीन मडकी रस मेलो. चाखलंय तर खारट! बायलेच्या पायाचो घाम, दुसरां काय?"

गिऱ्हाइकं खदखदली.

"काजूचे बोंडू तर तू पायांनीच तुडवतोस, मामा. तुझा घाम काय गोड?"

आता हसू मामावर उलटलं.

भाटी आजोबांची. काजूच्या रसाचं सगळं काम त्यांनी विनोदिनीच्या आईला, कमलाक्षीला शिकवलेलं. ते गेले आणि मामाने बहिणीला उंबऱ्याबाहेर काढलं. त्यानंतर ती एकदाच आत गेली नि रस नासला, तेव्हापासून गाव तिला 'नासकी' म्हणे, आणि विनोदिनीला 'नासकीचं चेडू'. याचा सूड घ्यायचा, तोही चारचौघांत, असं विनोदिनीने ठरवलं.

शाळा सुटली, मामा जेवायला गेला, की ती आत शिरे. अनवाणी. रस ढवळी, मडक्यांना कान लावून बुडबुडे ऐके, तोंडावरची फडकी बदली. तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले; रस आंबून तयार झाला.

चौथ्या दिवशी मामाने गिऱ्हाइकांसमोर हंडा चढवला. नळीतून पहिल्या धारेचा हुर्राक ठिबकू लागला. दारूचा जोर मोजायची काचेची नळी त्यात सोडून मामाने जीभ वाजवली. "असलो हुर्राक बापाशीच्या वक्ताक निघायचो!"

"तीन दिवस त्या रसात माझा हात होता, मामा. आणि भाटीत माझे पाय!"

गिऱ्हाइकं मामाकडे बघू लागली.

"आता म्हण, आई नासकी नव्हती."

"नव्हती," मामा पुटपुटला.

"मोठ्याने!"

त्याला म्हणावं लागलं.

विनोदिनी धावतच घरी आली. पडवीत आई सुकवायच्या बांगड्यांना मीठ चोळत होती, शेजारी वडील पेपर वाचत होते.

"पप्पा, आई, मी ठरवलंय! दहावी झाली की आजोबांची भाटी मी चालवणार. मामाने कबूल केलं, रस तुझ्यामुळे नासला नव्हता!"

वडिलांनी पेपर आणखी वर धरला. आईने बरणीत हात घातला, मूठभर मीठ घेतलं.

"चालय गो बाय," ती म्हणाली. "बायलेच्या पायान रस नासणा नाय, ह्यां माका तेव्हाच ठावक होतां. म्हणान तर पदरातसून दोन किलो मीठ नेललंय."