चौथ्या चाकावरचा डाग

पुरातून ओढून काढलेली थोरल्याची गाडी धाकट्याच्या गॅरेजात उभी होती. "भावजी, ह्यांच्या वेळी होती तशीच करून द्या," वहिनी म्हणाली होती. धाकट्याने चाकं उतरवली आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या ओल्या बोळ्याने त्यांच्या चकचकीत क्रोमवरचा गंज घासायला घेतला.

गाडी बुडाली तेव्हा थोरला आतच होता. "अरे, माझ्या बाजूची काच खाली होत नाही," असं तो कितीदा सांगून गेला होता. "बघू रे पुढच्या आठवड्यात," म्हणत धाकट्याने चालढकल केली होती. वहिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तीन चाकं लख्ख झाली. चौथ्यात पाठीमागच्या गाडीचं प्रतिबिंब दिसू लागलं, आणि त्याचा हात थबकला. थोरल्याला काढताना लोकांनी फोडलेली काच चाकात मात्र शाबूत होती. तिच्यावर आतून वाफ धरली होती.

त्याने वळून पाहिलं. खिडकी उघडी बोडकी होती.

चाकावर आता एकच डाग उरला होता, नेमका ड्रायव्हरच्या चेहऱ्याच्या जागी. धाकट्याने बोळा खाली ठेवला.

"एवढ्याशासाठी काय थांबलात? द्या इकडे." काम बघायला आलेली वहिनी खाली बसून घासू लागली.

पाठीमागे, नसलेल्या काचेवर, कुणीतरी टकटक केलं.