दुर्वाचा जंत

डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढलेला जंत बाटलीत घालून कुसुमबाईंच्या हातात दिला. दुर्वाचे आईवडील अजून वाटेत होते.

"स्वादुपिंडाच्या नळीत मरून पडला होता. साखर चढली ती त्यामुळेच," डॉक्टर म्हणाले. "नवा सोडायला सहा महिने थांबावं लागेल. तोवर रोज चार इंजेक्शनं."

कुसुमबाईंनी मान हलवली. सव्वीस वर्षं त्या अंगणवाडीत जंतांच्या गोळ्या देत होत्या. इन्सुलिन देणारा जंत पोटात असलेल्या मुलांच्या मनगटावर हिरवा पट्टा असतो आणि त्यांना गोळी द्यायची नाही, हे त्यांना पाठ होतं. पण परवा दुर्वा मावशीच्या लग्नातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरून आली होती.

"मला नको, बाई," ती म्हणाली होती.

"सगळ्यांनी खाल्ली. चाव बघू," म्हणत त्यांनी गोळी खायला लावली होती आणि नेहमीसारखा आ करायला सांगून तोंड तपासलं होतं.

खाटेवर दुर्वाने डोळे उघडले. समोर बाई दिसताच तिने मोठा आ केला आणि जीभ वर उचलून दाखवली.