पाच प्रेक्षक

आईचा शिवणवर्ग दर रविवारी सकाळी अकराला घरून लाइव्ह सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत तुटायचा. कापड अर्धं बेतलेलं, कात्री हवेत, आणि पडद्यावर नुसतं गरगरणारं चक्र. शेवटी एका रविवारी मी माहेरी जाऊन ठाण मांडलं. वायर बदलली, राउटर कपाटामागून काढून तिच्या मशीनशेजारी ठेवला. तरी तेच.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "बघणारे पाचच. पण एक रविवार चुकवत नाहीत बिचारे."

तिने पुन्हा लाइव्ह सुरू केलं आणि मी हॉलमध्ये आले. बाबा टीव्हीवर तिचाच वर्ग बघत बसले होते. पुढ्यात टॅबलेट, दोन मोबाइल आणि माझा जुना लॅपटॉप. सगळ्यांवर आई.

"बाबा! सगळं नेट तुम्हीच खाताय!"

ते ओशाळले. "पाचाचा आकडा दिसला की तिला हुरूप येतो. सांगू नकोस हं."

टीव्ही सोडून मी बाकी सगळं बंद केलं. चित्र लख्ख झालं, अडकायचं थांबलं. पाचाचा आकडा मात्र एकावर आला. बाबा टीव्हीसमोर चोरासारखे बसून राहिले.

टीव्हीतल्या आईने तो एक बघितला. गळ्यातली टेप सारखी केली आणि गालातल्या गालात हसली. दर रविवारी "नमस्कार मंडळी" म्हणणारी ती आज थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "अहो, आता दिसतंय ना नीट?"